लेफ्ट हँड लो ग्रिप: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

गोल्फमध्ये पटरचे (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल होलमध्ये घालवायची काठी) रिव्ह्यू सगळेच लिहितात, ग्रिपबद्दल, म्हणजे तो धरायच्या पकडीबद्दल, कोणी लिहीत नाही, म्हणून हा. मी उजव्या हाताने खेळतो, पुण्यात, हँडिकॅप (जितका जास्त तितका खेळ कच्चा) वीसच्या अलीकडे-पलीकडे लटकलेला असतो आणि गेल्या पावसाळ्यापासून पटिंगला उलटी पकड वापरतोय, म्हणजे डावा हात खाली, उजवा वर. पटर तोच जुना ब्लेड (पातळ डोक्याचा), बॉल तेच, बदललेत फक्त हात.

माझा त्रास लांबच्या पटचा, म्हणजे पटरने मारायच्या फटक्याचा, कधीच नव्हता. ३० फुटांवरून बॉल होलजवळ आणून ठेवायचो, बरोबरचे म्हणायचे वा वा, आणि मग तो उरलेला ४ फुटांचा पट डावीकडून निघून जायचा. बॅकस्ट्रोक ठीक, पण बॉलला लागायच्या ऐन वेळी उजवं मनगट आपलं आपणच पुढे यायचं, डावं मनगट मोडायचं, फेस (पटरची बॉलला लागणारी बाजू) बंद, म्हणजे डावीकडे वळलेला, आणि बॉल डावीकडे. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगरला जे झालं होतं ते खरे यिप्स, म्हणजे पट मारताना हात आपोआप झटकणं, माझं त्यापुढे सर्दी-पडसं. पण दर राउंडला तीन-चार स्ट्रोक असेच जायला लागले की माणूस वैतागतो.

यातलं गणित बघा, कारण ते कळल्यावरच मी पटरच्या दुकानात फिरणं बंद केलं. होल ४.२५ इंच रुंद. १० फुटांवरून फेस फक्त १ डिग्री वाकडा लागला तर बॉल जवळजवळ २ इंच बाजूला जातो, म्हणजे बॉलचा मध्य बरोबर होलच्या कडेवर. २ डिग्री वाकडा लागला तर विषय संपला. आणि बॉल निघतो कुठे हे जास्त करून फेस ठरवतो, पटर कुठल्या रेषेत फिरला ते नाही, त्यामुळे 'सरळ मागे सरळ पुढे' की 'हलकासा आर्क' यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी आधी मनगट बघावं. टीव्हीवरचे पीजीए टूरवाले, म्हणजे अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच टाकतात. आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी घ्या, २०१५ चा प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जगाचा संघ), कोरियात, शेवटचं होल, समोरच्या ख्रिस कर्कने १५-एक फुटांचा टाकला आणि लाहिरीचा त्याहून कितीतरी जवळचा राहिला. तेव्हा आपण ४ फुटांवर चिडायचं किती ते आपणच ठरवा.

तर ही पकड काय करते. नेहमीच्या पकडीत उजवा हात खाली असतो, त्यामुळे उजवा खांदा खाली येतो आणि मनगटाला ढकलायला जागा मिळते. हात उलटे केले की खांदे बऱ्यापैकी समान येतात, डावं मनगट सपाट राहतं आणि उजव्या हाताला वर बसून फारसं काही करताच येत नाही. जिम फ्युरिक अशीच धरायचा, जॉर्डन स्पीथने २०१५ ला मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मोठ्या स्पर्धा याच पकडीने मारल्या, म्हणजे प्रकार नवीन नाही, फक्त आपल्याकडे असं कोणी धरलं की बघणारे विचारतात पाठ दुखतीये का.

पहिले काही आठवडे विचित्र गेले. डावीकडे जाणारे बंद झाले आणि उजवीकडे जाणारे सुरू झाले, कारण हात पुढे राहायचे आणि फेस बंदच व्हायचा नाही. दुसरी भानगड उशिरा लक्षात आली. या पकडीत शाफ्ट (पटरचा दांडा) आपोआप पुढे झुकतो, पटरला लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) असतो जेमतेम ३-४ डिग्री, तो तिथेच संपतो आणि बॉल गवतात दाबला जाऊन सुरुवातीलाच एक उडी मारतो. आपली बर्म्युडा जातीच्या गवताची ग्रीन, त्यात पावसाळ्यात गवत जरा वाढलेलं, तिथे हे जास्तच दिसतं. बॉल अर्धा इंच पुढे, डाव्या पायाकडे सरकवला आणि उडी गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रॅक्टिस घरीच. हॉलमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सची जोडरेघ म्हणजे फुकटची सरळ रेषा, पण टाइलवर बॉल इतका पळतो की स्पीडचं काही कळत नाही, ते फक्त फेस बघायला. त्याहून भारी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी १ मीटरची स्टीलची पट्टी. सतरंजीवर पट्टी ठेवा, एका टोकाला बॉल, आणि तो दुसऱ्या टोकापर्यंत न पडता घालवा. फेस १ डिग्रीच्या आसपास चुकला की बॉल पट्टीवरून खाली, वाद नाही. आईचं म्हणणं हे खूळ आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते तसंच दिसणार.

आता वाईट बाजू, आणि ती बारीक नाहीये. लांबचे पट बिघडले. २५-३० फुटांपुढे अंदाज उजव्या हातातच असतो, लहानपणापासून दगड फेकलाय, बॉल टाकलाय सगळं त्याच हाताने, त्याला वर बसवला की तो मुका होतो. कधी ८ फूट आखूड, कधी ६ फूट पुढे. आमच्या कोर्सवरचे एक जुने कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारे) आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांची ग्रीन वाचायची पद्धत म्हणजे 'एक कप राइट, पण गवत समोरून आहे, जोर द्या सर' (होलच्या एका रुंदीइतकं उजवीकडे मारा, पाती आपल्याकडे झुकल्येत), आणि लाइन त्यांची नव्वद टक्के बरोबर असते, पण जोर मला देताच यायचा नाही. काही दिवस बघून मामाच म्हणाले, "सर, लांबून जुनंच धरा ना, कोणी अडवलंय का?" खरंच कोणी अडवलेलं नाही. नियमात २०१६ पासून बंदी आहे ती पटर अंगाला टेकवून मारायला, हात वर-खाली करायला नाही.

तेव्हापासून दोन पकडी. साधारण १५ फुटांच्या आत डावा खाली, त्याबाहेर नेहमीसारखी. पुस्तकी लोक म्हणतील एकच स्ट्रोक ठेवा, सवय लागत नाही वगैरे. मला पटत नाही. ४ फुटांचा पट आणि ४० फुटांचा पट ही दोन वेगळी कामं आहेत, एकात दिशा आणि दुसऱ्यात जोर. मधल्या अंतरावर मात्र अजून गोंधळ होतो, बॉलपाशी उभं राहिल्यावर हात कुठले वर हा विचार आला की तो पट गेलाच समजा, म्हणून आता मागे उभं असतानाच धरून घेतो आणि मग पुढे येतो.

फायदा किती? छोट्या पटला आता पोटात गोळा येत नाही हा सगळ्यात मोठा. चुकतात, पण दोन्ही बाजूंना चुकतात, ठरलेल्या डावीकडे नाही, आणि 'गिमी द्या ना' (न मारताच गेला असं धरा) अशा तोंडाने समोरच्याकडे बघणं बंद झालंय.

घ्यावी का? तुमचे जवळचे पट एकाच बाजूला जात असतील आणि मनगट हलतंय हे फोनवर शूट करून दिसत असेल तर नक्की ट्राय करा, खर्च शून्य. थ्री पट (एका होलला तीन पट) होतात ते पहिलाच पट भलतीकडे थांबतो म्हणून, असं असेल तर या पकडीने उलट वाढतील. पटरच्या दांड्याला जाड ग्रिप, म्हणजे रबरी मूठ, लावून बघितली, मनगट अजून शांत होतं पण हातात काही जाणवतच नाही, काढून टाकली. ज्यांचं मनगट माझ्यापेक्षा वळवळतं त्यांना कदाचित चालेल.

आणि पावसाळ्यात सुरू करू नका. ओल्या, जड ग्रीनवर बॉल पोचवायला मारावंच लागतं, आणि मारायचं म्हटलं की उजवा हात परत मध्ये येतो. डिसेंबरकडे ग्रीन सुकल्या, कापून जरा पळायला लागल्या की मग धरा.