ट्रेंटो: झेनॉनचं केंद्रक गोल की लांबट, हे दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर

जड आयनांच्या, म्हणजे शिसं-झेनॉनसारख्या अणूंच्या केंद्रकांच्या, टकरींवर प्रोजेक्ट करायला येणाऱ्या एमएस्सीच्या मुलांना मी सगळ्यात आधी ट्रेंटो डाउनलोड करायला लावते. ड्यूक विद्यापीठातल्या मोरलँड, बर्नहार्ड आणि बास यांचं हे काम, 2015 मधलं. सोर्स कोड खुला आहे, पैसे लागत नाहीत आणि साध्या लॅपटॉपवर भराभर चालतं.

काम नेमकं आहे. दोन केंद्रकं एकमेकांतून आरपार गेली की लगेच आडव्या, म्हणजे किरणाच्या दिशेला काटकोनातल्या, प्रतलात एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) कुठे किती साठली, एवढंच ते सांगतं. पुढे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे टकरीत वितळलेलं केंद्रकीय द्रव्य, कसा वाहतो, त्याला हायड्रोडायनॅमिक्सचा, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाचा, वेगळा कोड लागतो.

मला ते आवडतं ते झेनॉनमुळे. केंद्रकाचं नाव म्हणून एकदा 'एक्सई' देऊन चालवा, एकदा 'एक्सई-टू'. पहिलं केंद्रक गोल, दुसरं थोडं लांबट, बीटा-टू (लांबटपणाचं माप) 0.162. निकालातला चौथा कॉलम मल्टिप्लिसिटीचा, म्हणजे किती कण निघतील याच्या अंदाजाचा; त्यावर उतरत्या क्रमाने लावा, वरचे एक टक्का इव्हेंट (टकरी) घ्या आणि पाचव्या कॉलमची, म्हणजे एप्सिलॉन-टूची (साठ्याचा आकार किती लंबगोल याच्या मापाची), सरासरी काढा. लांबट केंद्रकाचा आकडा ठळकपणे मोठा येतो. अर्धवट घासून जाणाऱ्या टकरींत मात्र हा फरक विरतो, कारण तिथे आच्छादनाचा बदामी आकारच वरचढ ठरतो. 2017 मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर झेनॉनच्या टकरी झाल्या तेव्हा तिथल्या ॲलिस प्रयोगाला अगदी समोरासमोरच्या टकरींत दीर्घवर्तुळी प्रवाह (कण एका दिशेला जास्त, काटकोनात कमी निघणं) शिशाच्या टकरींपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त दिसला. केंद्रक लहान असल्याने वाढलेले चढउतारही त्यात आहेत, पण लांबटपणाचा वाटा इथे घरबसल्या वेगळा काढून बघता येतो. हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं, त्याला तोड नाही.

उणिवा आहेत. स्क्रीनवर येणाऱ्या कॉलमांना मथळे नाहीत. क्रॉस सेक्शन, म्हणजे दोन न्यूक्लिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनची) टक्कर होण्याच्या शक्यतेचं क्षेत्रफळ, मुळात 6.4 चौरस फर्मी, म्हणजे 2.76 टीईव्ही ऊर्जेचा, ऊर्जा बदलली की तो आठवणीने बदला. आणि दोन केंद्रकांचे वाटे कसे एकत्र करायचे हे ठरवणारा 'पी' हा मुख्य पॅरामीटर मूळ सिद्धांतातून निघत नाही, मोजमापांशी जुळवून ठरवावा लागतो. प्रबंधात हे स्पष्ट लिहा.

ऑक्सिजन, निऑनसाठी न्यूक्लिऑनांच्या जागा एचडीएफ (मोठा डेटा साठवायचा एक प्रकार) फाइलमधून देता येतात. जुलै 2025 मध्ये या दोन्हींच्या टकरी झाल्यापासून मुलं तेच मागतात. तेव्हा एचडीएफ लायब्ररी आधीच टाका, नाहीतर सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं.