आर्म ड्रॅग: आधी उभ्याने की बसून?

आर्म ड्रॅग म्हणजे समोरच्याचा हात ओढून त्याच्या पाठीमागे जायचा डाव. पकड दोन्हीकडे एकच: एका हाताने त्याचं मनगट, दुसऱ्याने त्याच हाताच्या दंडाची काखेजवळची मागची बाजू. खरा फरक पुढे पडतो.

उभ्याने करताना ओढ आणि पाऊल एकाच क्षणी जमावं लागतं. नुसता हात ओढलात की समोरचा कोपर मागे खेचून सुटतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण फसलात तरी उभेच असता, लगेच दुसरा डाव टाकता येतो.

बसून शिकणं सोपं. पडायची भीती नाही. कंबर सरकवत पाठीमागे जायचं. जिउ-जित्सू या, जास्त करून जमिनीवर चालणाऱ्या झुंजीच्या खेळातल्या जगज्जेत्या मार्सेलो गार्सियाने बैठ्या पवित्र्यातून भल्याभल्यांची पाठ घेतली, म्हणजे मागे जाऊन त्यांना जखडलं! मात्र फसलं तर समोरचा अंगावर येतो.

कुस्ती खेळायची असेल तर उभ्यानेच. जिउ-जित्सूवाल्यांनी खुशाल बसून सुरुवात करावी.