गुडघा आणि गच्ची: ऑपरेशन की व्यायाम, कोबा की कोटिंग?

मार्चमध्ये कबड्डी खेळताना धाकट्याचा गुडघा गेला. त्याच आठवड्यात मिस्त्रींनी वर चढून गळणारी गच्ची बघितली आणि आता थांबू नका म्हणाले. दोन्हीकडे दोन-दोन पर्याय, आणि पैशाचं पाकीट एकच. कुणाच्या घरी असाच पेच असेल, तर आम्ही काय काय तपासलं ते सांगतो.

आधी गुडघा. चढाईला गेला होता. पाय रोवला, मागून घोट्याची पकड बसली आणि अंग फिरलं. आत ‘कट्’ झालेलं त्याला स्वतःला ऐकू आलं. घरी येईपर्यंत गुडघा टम्म. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा गुडघ्यातला तंतू, पूर्ण तुटलेला निघाला. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, मात्र शाबूत. हे फार महत्त्वाचं. गादी फाटून अडकली आणि गुडघा सरळच होईना, तर वाट बघायची सोय राहत नाही.

पूर्ण तुटलेला एसीएल आपोआप पहिल्यासारखा जुळेल, असा भरवसा धरता येत नाही. ऑपरेशनमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) किंवा असाच दुसरा स्वतःचाच तंतू घेऊन नवा बसवतात. खेळात परतायला निदान 9 महिने. चार महिन्यांत दुखायचं थांबतं, पोरगं पळायला लागतं, पण नवा तंतू अजून कच्चाच असतो. पुन्हा तुटण्याचा धोका घाई करणाऱ्यांना जास्त.

व्यायामाचा रस्ता म्हणजे काहीच न करणं नव्हे. मांडीचे स्नायू इतके मजबूत करायचे की गुडघ्याचा तोल त्यांनी सांभाळावा. ज्यांना चालायचं, जिने चढायचे, गाडी चालवायची एवढंच आहे, त्यातल्या अनेकांचं यावर उत्तम भागतं. आमच्या नात्यातले एक काका असेच वीस वर्षं शेत बघतायत. पण कबड्डीत क्षणाक्षणाला दिशा बदलावी लागते. त्यात गुडघा निसटत राहिला, तर आज शाबूत असलेली गादी उद्या फाटते. धाकटा सतरा वर्षांचा आहे आणि त्याला खेळायचंच आहे. म्हणून ऑपरेशन. त्याला खेळायचं नसतं, तर मी तीन महिने व्यायाम करून बघा म्हणालो असतो, आणि तेही मनापासून.

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती: व्यायाम दोन्हीकडे चुकत नाही. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागला की मगच ऑपरेशन चांगलं. त्यामुळे एमआरआयच्या दुसऱ्या दिवशी घाबरून तारीख घेऊ नका.

आता गच्ची. कोटिंग म्हणजे पाणी अडवणारा, रंगासारखा मारायचा थर. ते हलकं, दोन-तीन दिवसांत उरकणारं, आणि पांढरं घेतलं तर खालची खोली थोडी थंड राहते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 43 च्या वर गेला की त्याची किंमत कळते. पण काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, आणि वावर असलेल्या गच्चीवर ते लवकर झिजतं. आमच्या गच्चीवर आई पापड, सांडगे घालते, शेंगा वाळवते, उन्हाळ्यात आम्ही वरच झोपतो. खाटेच्या पायानं साधं कोटिंग किती दिवस टिकणार?

कोब्यात विटांचे तुकडे सिमेंट-वाळूत बसवून पन्हळीकडे उतार काढतात, 100 फुटांना 1 फूट. भिंत आणि गच्ची मिळते तिथं गोलाई देतात, मिस्त्री तिला वाटा म्हणतात. आमची ओल नेमकी त्याच कोपऱ्यातून उतरत होती. कोबा दणकट, पण जड: चार इंच जाडीला चौरस मीटरमागे जवळजवळ 200 किलो. स्लॅबच्या सळ्या गंजून पोपडे पडत असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवा. जुना कोबा असेल तर तो काढूनच नवा घाला, त्याच्यावर चढवू नका.

आणि पाणी! कोबा निदान आठवडाभर ओला ठेवावा लागतो, शिवाय शेवटी गच्चीवर पाणी तुंबवून एक-दोन दिवस गळती तपासायची. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. तेवढ्यासाठी टँकरचा खर्च आधीच धरा. भाड्याचं घर असेल, किंवा वर कुणी जातच नसेल, तर मी बिनदिक्कत कोटिंग मारीन. आमच्या गच्चीला कोबाच.

क्रम आम्ही असा लावला: आधी गच्ची, मेअखेरपर्यंत, मग जूनमध्ये गुडघा. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोरात असतो, आणि गळणाऱ्या खोलीत कुबड्या घेतलेलं पोर ठेवायचं नव्हतं. त्याला काही महिने उकिडवं बसता येणार नाही, म्हणून कमोडची खुर्ची आणली आहे. पलंग खालच्या खोलीत आला आहे. मित्र संध्याकाळी दारातूनच ओरडतात, “काय करायलास बे?” तो टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दाबत असतो. दहा मोजायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं.