परवाना परीक्षेचे 'खरे प्रश्न' विकत घेण्यापूर्वी हे वाचावे

कॅलिफोर्नियात सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदाराचा, म्हणजे इथे सगळे ज्याला 'बी लायसन्स' म्हणतात तो परवाना काढू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे, कारण मला फसवणारा माणूस आपल्याच लोकांमध्ये अजून शिकवण्या घेत आहे.

सॅक्रामेंटो परिसरात सहा वर्षे मी घरांच्या फ्रेमिंगचे, म्हणजे लाकडी सांगाडा उभारण्याचे, काम केले. परवान्यासाठी मागील 10 वर्षांतील किमान 4 वर्षांचा कुशल कामाचा अनुभव लागतो आणि तो माझ्याकडे होता. परीक्षेला दोन पेपर असतात, एक कामाच्या ज्ञानाचा आणि दुसरा कायदा व व्यवसायाचा. पहिल्याची मला चिंता नव्हती. परंतु लीन (थकलेल्या पैशांसाठी मालमत्तेवर लावायचा हक्क), विमा, कामगारांची भरपाई, कराराच्या अटी हे सर्व इंग्रजीतून वाचून लक्षात ठेवायचे या विचारानेच माझी झोप उडाली होती, आणि ही भीती त्या गृहस्थाने पहिल्या फोनमध्येच ओळखली.

ओळखीच्या एका कुटुंबाने त्यांचा नंबर दिला होता. अतिशय आपुलकीने बोलून त्यांनी सांगितले की, परीक्षेत येणारे खरे प्रश्न त्यांच्याकडे आहेत, उत्तीर्ण होण्याची हमी आहे आणि नापास झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतील. अनुभव कमी पडत असेल तर सही केलेले प्रमाणपत्रही वेगळे पैसे घेऊन मिळवून देऊ, असे ते सहज बोलून गेले. मला त्याची गरज नव्हती म्हणून मी ते कानाआड केले. खरे तर फोन तिथेच ठेवायला हवा होता. मी झेल (Zelle) या बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेवरून 1,800 डॉलर पाठवले आणि 300 प्रश्नांची एक पीडीएफ आली.

दोन महिने, दिवसभराचे काम आटोपल्यावर, मी ती पाठ केली. कामाचा पेपर सुटला, कायद्याचा गेला. मग कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या, म्हणजे हा परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाच्या, संकेतस्थळावरची मोफत अभ्यास-पुस्तिका आणि चालू कायदा समोर ठेवून मी पीडीएफ तपासली. तिच्यात कंत्राटदाराच्या बॉण्डची (परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या हमीची) रक्कम 15,000 डॉलर होती, जी 1 जानेवारी 2023 पासून 25,000 झाली आहे. परवान्याशिवाय करता येणाऱ्या किरकोळ कामाची मर्यादा 500 डॉलर लिहिली होती, ती 1 जानेवारी 2025 पासून काही अटींसह 1,000 झाली आहे. म्हणजे कोणत्या तरी जुन्या सराव पुस्तकातील मजकूर 'खरे प्रश्न' म्हणून विकला गेला होता.

आणि ते प्रश्न समजा खरे असते, तर? कॅलिफोर्नियाच्या व्यवसाय व व्यावसायिक संहितेच्या कलम 123 नुसार परवाना परीक्षेचे प्रश्न फोडणे किंवा मिळवणे हा गुन्हा आहे. हे मला नंतर कळले आणि मी हादरलो. ज्या परवान्यासाठी सहा वर्षे उन्हातान्हात राबलो, तो एका पीडीएफपायी हातचा जाऊ शकला असता. अशी हमी देणारा एक तर खोटे विकतो किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतो, तिसरी शक्यता नाही. बोर्ड कोणत्याही शिकवणीची शिफारस करत नाही, त्यामुळे 'बोर्डमान्य' या शब्दालाही अर्थ नाही.

पैसे परत मागितल्यावर प्रथम 'नवा संच' घेण्याचा आग्रह झाला आणि नंतर फोन उचलणे बंद झाले. व्यवहार मी स्वतः मंजूर केला होता, म्हणून बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान तक्रार नोंदवता आली असती. स्मॉल क्लेम्स न्यायालयात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, म्हणून तो अर्ज भरायला बसलो. त्यात प्रतिवादीचे पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्याजवळच्या पावतीवर एक टोपणनाव आणि एक बंद पडलेला फोन नंबर एवढेच आहे.