ऑइल लीक शोधायचा यूव्ही टॉर्च, पाच महिने वापरून (आणि तो पिवळा चष्मा)

मे महिन्यात साडेआठशेला घेतला हा सेट. डायची (तेलात टाकायचा, यूव्ही उजेडात चमकणारा रंग) छोटी बाटली, टॉर्च, पिवळा चष्मा. गाडी २००७ ची पेट्रोल, एक लाख अठरा हजार चाललेली. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलं की एसीतून जळक्या तेलाचा वास, न सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग. मेकॅनिकनं खालून हात फिरवला न म्हणाला, "भाऊ, क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा लागते, नऊ हजार." नऊ हजार! हात फिरवून!

मग हा सेट. डाय ऑइलमध्ये टाकली, वर्धा रोडला वीस मिनिटं चक्कर मारली, बॉनेट उघडून टॉर्च मारला तर काहीच दिसेना, कारण दुपारचे तीन वाजले होते न वर नागपूरचं ऊन. पैसे पाण्यात गेले असंच वाटलं, एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. रात्री दहाला परत बघितलं तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) मागच्या कोपऱ्यापासून हिरवट-पिवळी रेघ, एक फाटा एक्झॉस्टवर (वास तिथला), दुसरा ब्लॉकवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत. तेल वरून गळून राहिलं होतं, आणि आम्ही खालचं सील बदलणार होतो.

आता चष्म्याचं. माझा नंबरचा चष्मा आहे, त्याच्यावर हा बसत नाही. नंबरचा काढला तर इंजिनच धूसर. दोन्ही घातले तर वाकल्याबरोबर पिवळा घसरून बॅटरीच्या मागे पडतो, तीनदा पडला. त्याच्याशिवाय चमक फिकी दिसते म्हणून टाकूनही देता येत नाही. हे बनवणाऱ्याच्या घरात चाळिशी ओलांडलेलं कोणीच नाही का?

असो. टॅपेट कव्हरची पॅकिंग बदलली, तीनशेची पॅकिंग न चारशे मजुरी. नऊ हजार वाचले म्हणून त्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहे. तीन आठवड्यांनी डाग परत! टॉर्च मारला, सगळंच चमकलं, कारण जुनी डाय पुसलीच नव्हती. म्हणजे रिपेअर झाल्यावर डिग्रीझरनं धुवा आणि मगच बघा, हे बॉक्सवर लिहिलं असतं तर माझी एक झोप वाचली असती.

धुऊन बघितलं, गळती खरीच होती, नव्या पॅकिंगमधूनच. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं तर भसाभस हवा बाहेर. पीसीव्ही वॉल्व (इंजिनातली कोंडलेली हवा काढून घेणारा) काढून कानाशी हलवला, खडखड वाजायला पाहिजे तो मुका. आतल्या गाळानं चोक. इंजिनातली हवा निघायला वाट नाही, मग ती सापडेल त्या फटीतून तेल ढकलते, तुम्ही पॅकिंग सोन्याची लावा. वॉल्व दोनशेचा. पहिल्या मेकॅनिकनं त्याचं नावही काढलं नव्हतं.

आता ऑक्टोबर, फरशी कोरडी, डिपस्टिकची लेव्हल जागेवर. टॉर्च हवा कुठे कोंडली ते सांगत नाही, पण तेल कुठून निघतं ते सांगतो. टॉर्चला चार स्टार, चष्म्याला शून्य.

त्या उजेडात विंचूसुद्धा चमकतो म्हणून शेजारचे काका पोळ्याच्या वेळी पूर्ण सेट शेतावर घेऊन गेले होते. चष्मा तेवढा दुसऱ्या दिवशी परत देऊन गेले. टॉर्च अजून शेतावरच आहे.