गेटवर सात स्क्रीन: हजेरीच्या अ‍ॅपचा चार महिन्यांचा अनुभव

आमचं काम इमारतींच्या साफसफाईचं. ३८ माणसं, ११ साइट, दोन सुपरवायझर आणि पगारपत्रक करणारी मी एकटी. चार महिन्यांपूर्वीपर्यंत कागदी मस्टर होतं. महिनाअखेरीस सुपरवायझरचं अक्षर लावत बसायचं, खाडाखोड दिसली की फोन करायचा आणि तरी कुणाचा ना कुणाचा ओव्हरटाइम राहून जायचा. म्हणून हे मोबाइलवरून हजेरी लावायचं अ‍ॅप घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी ज्यावर बोलणार आहे ते बटनांचं जंजाळ या जातीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये थोड्याफार फरकानं असतं. हजेरी लावताना माणसाकडून नेमकी कोणती माहिती घ्यायची, हे ठरवण्याची ती जागा. पाचपैकी साडेतीन तारे देते. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर एक दिला असता, आणि त्यात निम्मी चूक माझीच होती.

सुरुवातीला अ‍ॅप विचारतं, किती माहिती गोळा करायची? तीन पर्याय असतात आणि मधल्यावर 'शिफारस केलेलं' असा हिरवा शिक्का. मी डोळे झाकून तो निवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीला सुपरवायझरचा फोन: "मॅडम, सगळे गेटवरच उभे आहेत, आत कुणीच जाईना." त्या हिरव्या शिक्क्याखाली सात स्क्रीन होते. लोकेशनची परवानगी, चेहऱ्याचा फोटो, साइट निवडा, काम निवडा, सोबत कोणतं सामान आहे, आज तब्येत कशी वाटते, आणि शेवटी शेरा. शेरा सक्तीचा! ज्यांना फोनवर टाइप करायची सवय नाही त्यांनी तिथे नुसता पूर्णविराम टाकला. अ‍ॅपला तो चालतो. महिनाभरात माझ्याकडे शेकडो पूर्णविराम जमले.

खरा घोळ वेगळाच होता आणि तो कळायला मला चार दिवस लागले. हजेरीची वेळ धरली जाते ती अ‍ॅप उघडल्याची नाही, सगळी उत्तरं देऊन शेवटचं बटन दाबल्याची. म्हणजे पावणेसहाला गेटवर येऊन उभी राहिलेली बाई फॉर्म भरता भरता सहा वाजून चार मिनिटांनी 'उशिरा' ठरत होती. मी प्रश्न काढायच्या ऐवजी आधी हुशारी केली, ते सगळे जाण्याच्या वेळेला हलवले. मग तीच मिनिटं कामाच्या तासांत मोजली जाऊ लागली आणि ओव्हरटाइमचा आकडा वर सरकला. येताना विचारलेला प्रश्न कामगाराच्या खिशातून जातो, जाताना विचारलेला मालकाच्या. कामगारांची तक्रार वर पोहोचायला आठवडा लागला होता, ओव्हरटाइमची दुपारपर्यंत पोहोचली. त्याच संध्याकाळी बहुतेक प्रश्न बंद झाले.

कामाची यादी हा पुढचा विनोद. ६४ कामं आम्ही हौसेनं भरली होती आणि अ‍ॅप ती वर्णानुक्रमे दाखवतं. सगळ्यात वर 'अंतर्गत प्रशिक्षण'. घाईत असलेला माणूस पहिलंच निवडणार. पहिल्या आठवड्याच्या अहवालानुसार आमच्या कंपनीनं एक फरशी पुसली नाही, सगळे नुसते शिकत होते. यावरचा उपाय अ‍ॅपमध्येच आहे, पण तो साइटच्या पानावर आत दडलाय: त्या साइटवर चालणारी कामं तिथेच बांधून टाकायची. आता बहुतेकांना एकच काम दिसतं, ते आपोआप निवडलं जातं, काहींना तीन दिसतात. माहिती आधीपेक्षा खरी येते आणि कुणाला काही विचारावंही लागत नाही.

लोकेशनवर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथे खर्च झालं. साइटभोवती नकाशावर एक वर्तुळ आखायचं, त्याच्या आत असाल तरच हजेरी लागते. मी कडक शिस्तीच्या नादात ५० मीटरचं वर्तुळ आखलं. आमची अर्धी माणसं तळघरात हजेरी लावतात. तिथे उपग्रहाचा सिग्नल पोहोचत नाही, फोन आजूबाजूच्या वायफायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. अँड्रॉइड बनवणाऱ्यांच्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय की असं वर्तुळ किमान १०० ते १५० मीटर त्रिज्येचं ठेवा, कारण वायफाय असतानाही अंदाज साधारण २० ते ५० मीटरचा असतो. हे अ‍ॅपनं मला ५० टाकतानाच सांगायला हवं होतं. एका शब्दानं सांगितलं नाही. आता सगळीकडे १५० आहे. शिवाय वर्तुळाबाहेर असाल तर हजेरी 'अडवा' की नुसती 'खूण करा', असे दोन पर्याय आहेत. अडवा निवडू नका. अडवलेला माणूस कामाला लागतोच, फक्त त्याची नोंद होत नाही आणि मग ती हाताने भरायला तुम्हीच बसता.

एक सुपरवायझर रोज शपथेवर सांगायचा की तो साइटवरच आहे आणि नकाशा रोज त्याला भलतीकडेच दाखवायचा. मी त्याच्यावर संशय घेतला, हे इथे कबूल करते. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, परवानगी देताना फोन 'अचूक' की 'अंदाजे' असं विचारतो. त्यानं अंदाजे निवडलं होतं आणि अंदाजे म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरमध्ये कुठेही. फोनचं सेटिंग बदललं, माणूस जागेवर आला. आयफोनवरही २०२० च्या आयओएस १४ पासून असंच एक बटन आहे. अ‍ॅपच्या पडद्यावर मात्र खोटं बोलणारा आणि अंदाजे निवडणारा, दोघांनाही सारखाच लाल ठिपका.

आता मूळ गोष्ट. त्या हिरव्या शिक्क्यात आणखी एक बटन चालू होतं: पाळी चालू असेपर्यंत दर काही मिनिटांनी लोकेशन टिपत राहायचं. दुपारीच बॅटरी संपते अशा तक्रारी येत होत्या, फोन लोकांचे स्वतःचे, म्हणून मी नकाशा उघडून बघायला गेले. एक मावशी जाताना हजेरी लावायला विसरल्या होत्या. अ‍ॅपच्या लेखी त्यांची पाळी चालूच, त्यामुळे ठिपके पडत राहिले होते. आमच्या साइटवरून निघून त्या एका दुसऱ्या इमारतीत गेल्या, तिथे साडेतीन तास होत्या, मग घरी. म्हणजे मावशी आमच्या आठ तासांनंतर आणखी एक काम करतात. त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं आणि सांगायची काही गरजही नव्हती. मला ते कळायलाच नको होतं. त्यांच्या घराची गल्ली मला कळली, दुसरं काम कळलं, आणि यातल्या कशानंही पगारपत्रकातला एक आकडा बदलत नव्हता. मी नकाशा बंद केला, त्याच मिनिटाला ते बटनही बंद केलं. आता लोकेशन फक्त येताना आणि जाताना घेतलं जातं, दोन ठिपके. फोनवरही सगळ्यांना 'फक्त अ‍ॅप वापरताना' हाच पर्याय ठेवायला सांगितलं. शिवाय दहा तास झाले की पाळी आपोआप 'अपूर्ण' म्हणून बंद होते आणि माझ्याकडे यादी येते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बटनाला एकच प्रश्न विचारते: या उत्तरामुळे कुणाचा पगार बदलेल का? हजेरीची वेळ छापणारं सुरुवातीचं एक यंत्र विलर्ड बंडी नावाच्या अमेरिकन जवाहिऱ्यानं १८८८ मध्ये बनवलं. प्रत्येक कामगाराला आपल्या क्रमांकाची किल्ली असे, ती यंत्रात फिरवली की क्रमांक आणि वेळ कागदी पट्टीवर छापली जाई. तब्येत कशी वाटते हे काही ते यंत्र विचारत नसे.

फोटोचं बटन या प्रश्नावर अर्धं टिकलं. एकाची हजेरी दुसऱ्यानं लावणं हा मस्टरच्या काळातला जुना रोग, त्यावर फोटो हे औषध आहेच. पण हिशेब करा: ३८ माणसं, दिवसाला दोन फोटो, २६ दिवस, म्हणजे महिन्याला १९७६ चेहरे. मी त्यातले तीसेक बघितले असतील, तेही जिथे तासांवरून वाद झाला तेवढेच. रात्रपाळीच्या निम्म्या फोटोंत नुसता अंधार. आणि ठेवायची मुदत आधीपासून 'कायम' अशी. ती मी ६० दिवसांवर आणली, म्हणजे पगार होऊन तक्रार करायला पुरेसा वेळ मिळतो. जिथे सगळे एकाच टॅबलेटवर हजेरी लावतात त्या तीन साइटवरच फोटो ठेवला, स्वतःच्या फोनवरून लावणाऱ्यांचा काढला. शेजारीच चेहरा ओळखण्याचं बटन आहे, त्याला हात लावला नाही. साधा फोटो माणूस बघतो. हे बटन चेहऱ्याचं मोजमाप साठवून ठेवतं, आणि पिन फुटला तर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार?

नेटवर्क नसतानाच्या हजेरीला मात्र पूर्ण गुण. तळघरात लावलेली हजेरी फोनमध्येच राहते आणि वर आल्यावर जाते. यात फोनच्या घड्याळावर विसंबावं लागतं. एकाचं घड्याळ १४ मिनिटं पुढे होतं, उशीर होऊ नये म्हणून त्यानं स्वतःच करून ठेवलेलं. बिचारा रोज लवकर यायचा आणि कागदावर त्याहून लवकर. 'फोनची वेळ आणि सर्व्हरची वेळ दोन्ही ठेवा' हे चालू केलं की असा फरक वेगळ्या रकान्यात दिसतो. हे बटन शोधून चालू कराच.

पूर्णांकाचं, म्हणजे हजेरीची वेळ जवळच्या ठरावीक मिनिटांवर नेऊन ठेवायचं, सेटिंग बंद ठेवा. पंधरा मिनिटांच्या पूर्णांकात ९:०७ चे ९:०० होतात आणि ९:०८ चे ९:१५. एका मिनिटापायी पाव तास कापला गेल्याचं मी तरी कुणाला तोंड वर करून समजावू शकत नाही. सुट्टीची ३० मिनिटं आपोआप वजा करणंही बंद केलं, त्याऐवजी जाताना एकच प्रश्न ठेवला: मधली सुट्टी मिळाली का? हो किंवा नाही. 'नाही'ची उत्तरं एका साइटवरूनच जास्त येतात हे पहिल्याच महिन्यात दिसलं. मस्टरमधून ते कधी कळलं नसतं. पगार बदलणारा प्रश्न कसा असतो, तर असा.

रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी दोन तारखांत तुटते. दिवस कधी सुरू होतो ते सेटिंग दुपारी बारावर नेलं, प्रश्न मिटला.

जे खरंच आवडलं ते सगळ्यात आत, सुरक्षेच्या पानावर लपलेलं आहे. सुपरवायझरनं कुणाची वेळ बदलली तर कारण लिहिणं सक्तीचं करता येतं, जुनी वेळ पुसली जात नाही, आणि ज्याची वेळ बदलली त्याला फोनवर लगेच सूचना जाते. मस्टरमध्ये व्हाइटनर असायचा, इथे नाही. हे आधीपासून बंद का ठेवलंय, देव जाणे. तब्येत विचारणारं चालू आणि हे बंद! तसंच 'कामगाराला स्वतःची नोंद दिसू द्या' हेही बंद होतं. ते चालू केल्यावर महिनाअखेरीचे माझे फोन निम्म्यावर आले.

तारे कापले ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी. सेटिंग बदलून आधी करून बघायची सोय नाही. बदल थेट ३८ फोनवर जातो, आणि कुणाच्या फोनवर आज, कुणाच्या उद्या. मी शेवटी माझ्याच नावानं एक खोटी कामगार उघडली, तिच्यावर आधी प्रयोग करते. तिची हजेरी फार वाईट आहे. दुसरी गोष्ट अ‍ॅपमधून नोंदी उतरवून घ्यायच्या फाइलची. प्रश्नाचे शब्द जरासे बदलले की फाइलमध्ये नवा रकाना तयार होतो, जुनी उत्तरं जुन्यात राहतात. आणि ही सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी किडे-मुंग्या. डबल क्लिक न करता एक्सेलमधून डेटा आयात करायचा आणि यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडायची, मग नावं नीट येतात. प्रश्नांचे शब्द पहिल्याच दिवशी पक्के करा.

एक काम मात्र अजून लटकलंय. लोकेशनचीही मुदत मी ६० दिवसांवर आणली, पण ती मुदत बदलाच्या दिवसानंतरच्या नोंदींनाच लागू होते. पहिल्या महिन्यातले ते दर काही मिनिटांचे ठिपके, मावशींच्या गल्लीसकट, तसेच पडून आहेत. पुसायचं बटन आहे, पण ते एकदम सगळंच पुसतं, येण्याजाण्याचे ठिपकेही, आणि दोन जणांचे तासांचे वाद अजून मिटायचेत. फक्त त्या महिन्याचं पुसून द्या म्हणून ग्राहक सेवेला तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की विनंती पुढे पाठवली आहे. तोवर नकाशाचं पान दोन्ही सुपरवायझरच्या लॉगिनमधून काढून टाकलंय.