इंडक्शन शेगडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने आमच्या ओट्यावर गॅसच्या शेजारी 2000 वॅटची इंडक्शन शेगडी आहे. दुकानदाराने बटणे नीट समजावून दिली, परंतु कोणते भांडे चालेल आणि का चालेल, हे सांगितले नाही. या शेगडीचे गुणदोष मात्र त्या एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात.

काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तने करणारी विद्युतधारा वाहते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तितक्याच झपाट्याने बदलत राहते, आणि मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे अशा क्षेत्रात ठेवलेल्या बंद वाहक वेढ्यात धारा उत्पन्न होते. भांड्याचा तळ म्हणजे एकात एक बसलेले असंख्य वेढेच. प्रवर्तित विद्युत क्षेत्र त्यांतील इलेक्ट्रॉनांना गोल फिरवते आणि धातूच्या रोधामुळे तळ स्वतःच तापतो. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने.

हे मुलीला दाखवावे म्हणून पाण्याच्या पातेल्याखाली वाइंडिंगच्या तारेचा एकच वेढा ठेवला, त्याची टोके 6 व्होल्टच्या लहान बल्बला जोडली आणि शेगडी कमी वॅटवर लावली. कोठेही सेल नसताना बल्ब लागला. तोच वेढा मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा केला, तेव्हा दोन्ही अर्ध्यांतील परिणाम परस्परांविरुद्ध गेले आणि बल्ब विझला. तिचा चेहरा पाहून शेगडीचे पैसे वसूल झाले असे मला मनापासून वाटले.

एक लिटर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळते आणि चहा, भात, डाळ यांसाठी मी आता गॅस पेटवत नाही. ॲल्युमिनियमचा जुना कुकर ठेवला की मात्र शेगडी शिट्टीसारखा आवाज करून थांबते. ॲल्युमिनियममध्ये धारा निर्माण होते, पण त्याचा रोध इतका कमी की तळ पुरेसा तापत नाही. स्टीलची काही भांडीही चालत नाहीत, कारण त्यांचे स्टील चुंबकाला चिकटणारे नसते आणि तशा तळात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. म्हणून खरेदीला जाताना फ्रिजवरचे चुंबक बरोबर न्यावे आणि ते तळाला घट्ट चिकटले तरच भांडे घ्यावे.

खरी उणीव मंद आचेची आहे. आमची शेगडी कमी वॅटवर सलग तापत नाही; काही सेकंद चालते, काही सेकंद थांबते, त्यामुळे बासुंदी दोनदा तळाला लागली. भाकरी जाळावर फुगवणाऱ्या घराने तर गॅस मुळीच काढू नये.

घरात कोणाला पेसमेकर असेल, तर ही शेगडी आणण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण पेसमेकरची तार आणि शरीर मिळूनही एक वाहक वेढा तयार होतो.